‘काय हवंय?’ विचारण्याआधी : लाइफ कोच मंडळींना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रात आणि गोव्यात लाइफ कोच, माइंडसेट कोच, रिलेशनशिप कोच अशा नावांनी काम करणारी सर्व मंडळी

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी अनेकांच्या व्हिजिटिंग कार्डावर किंवा इन्स्टाग्रामच्या पानावर एकाच ओळीत तीन शब्द दिसतात : कोच, हीलर, थेरपिस्ट. त्यातल्या तिसऱ्या शब्दासाठी हे पत्र आहे. लिहिणारे आम्ही काही मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि समुपदेशक आहोत. रीतसर शिकलेले, बरीच वर्षं कोचिंग करणारे दोघे-तिघेही सोबत आहेत. कोचिंग म्हणजे थोतांड, असं आमच्यापैकी कुणाचंही म्हणणं नाही. बढती मिळाल्यावर कालच्या मित्रांचा आज साहेब झालेला माणूस, निवृत्तीला वर्ष उरलेल्या शिक्षिका, व्यवसाय वाढवताना कुठे थांबायचं ते न कळणारा दुकानदार, यांना दवाखान्याची गरज नसते. समोर बसून नेमके प्रश्न विचारणारं कुणीतरी हवं असतं, आणि ते काम तुम्ही आमच्यापेक्षा चांगलं करता.

अडचण वेगळीकडे आहे. कोचिंगच्या बहुतेक कोर्समध्ये एक वाक्य हमखास शिकवलं जातं : थेरपी भूतकाळात नेते, कोचिंग भविष्याकडे. ऐकायला छान आहे, पण ते खरं नाही. आज सर्वाधिक वापरली जाणारी सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, ही पद्धत घ्या. साधारण १२ ते २० सत्रांची असते, चालू आठवड्यातल्या प्रसंगांवर काम करते, दर सत्राच्या शेवटी गृहपाठ देते. नैराश्यावरच्या बिहेवियरल ॲक्टिव्हेशन या उपचारात तर दिवसाचा तासातासाचा तक्ता भरून घेतात, प्रत्येक कामापुढे ‘किती बरं वाटलं’ आणि ‘किती जमलं’ याचे दहापैकी गुण लिहायला सांगतात. लांबून पाहणाऱ्याला ते कोचिंगच वाटेल. उलट, ऑफिसात कुणालाच नाही म्हणू न शकणाऱ्या बाईंचं कोचिंग तिसऱ्या-चौथ्या भेटीत त्यांच्या माहेरच्या स्वयंपाकघरात जाऊन पोचतं. तेव्हा काळावरून फरक करायला गेलं की सगळा गोंधळ होतो. विषयावरूनही करता येत नाही. नवरा-बायको, नोकरी, आळस, आत्मविश्वास हे विषय दोन्हीकडे तेच असतात.

फरक पहिल्या प्रश्नात आहे. तुमचं काम ‘काय हवंय?’ इथून सुरू होतं, आमचं ‘काय होतंय?’ इथून. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं असेल, किंवा तो प्रश्न उभाच राहत नसेल, तरच पहिल्यापासून सुरुवात करणं सुरक्षित असतं.

‘काय होतंय?’ याचा शोध आम्ही कसा घेतो ते थोडं सविस्तर सांगतो, कारण बाहेरून ते नुसतं गप्पा मारण्यासारखं दिसतं. पहिली भेट पाऊण ते दीड तासाची. हे कधीपासून, आधी कसं होतं, अचानक झालं की हळूहळू. झोप कशी आहे : लागत नाही, मध्येच मोडते, की पहाटे चारला जाग येऊन पुन्हा लागत नाही? भूक आणि वजन. पाळी, नुकतंच बाळंतपण. थायरॉइड, मधुमेह, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, अगदी सांधेदुखीच्या आणि केस गळू नयेत म्हणून घेतलेल्यासुद्धा. दारू, तंबाखू, गांजा : किती, किती दिवसांनी. घराण्यात कुणाला असा त्रास, कुणाची आत्महत्या. पूर्वी कधी याच्या अगदी उलटे, उधाण आल्यासारखे दिवस होते का. मरणाचे विचार. आणि शेवटी, कामावर, घरात, आंघोळ-जेवणासारख्या रोजच्या गोष्टींत नक्की काय बंद पडलंय.

एवढं का विचारायचं? समजा चाळिशीतला माणूस म्हणतो, ‘काही करावंसंच वाटत नाही, सारखा थकलेला असतो.’ ते नैराश्य असेल. थायरॉइड मंदावला असेल. बी-१२ किंवा हिमोग्लोबिन कमी असेल, आणि पूर्ण शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता बरीच आढळते. रोज रात्रीच्या दोन पेगनी झोपेचा दर्जा गेला असेल. झोपेत घोरता घोरता श्वास अडकत असेल. किंवा काहीही आजार नसेल आणि नोकरीचा फक्त कंटाळा आला असेल. यातलं शेवटचं कारण तुमचं. आधीची पाच आमची किंवा फिजिशियनची. सहाही माणसं पहिल्या भेटीत तेच वाक्य बोलतात, आणि ‘लिमिटिंग बिलीफ’, म्हणजे माणसाला अडवून ठेवणारी समजूत, शोधायला लागलात तर सहाहीजणांत ती सापडते! कारण ती कुणात नसते?

कायद्याचं थोडक्यात. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्य परिचारिका आणि सायकियाट्रिक सोशल वर्कर कुणाला म्हणायचं, याच्या व्याख्या त्यात आहेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. ज्या दोन वर्षं पूर्णवेळ एम.फिल.मधून बहुतेकजण आले, त्यात देखरेखीखाली रुग्ण तपासावे लागतात. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याच्या अनुसूचीत समुपदेशकही आले. लाइफ कोच यांपैकी कुठेही नाही. म्हणजे तो धंदा बेकायदेशीर आहे असं नव्हे. त्याला किमान पात्रता नाही, परिषद नाही, तक्रार ऐकणारं मंडळ नाही, इतकंच. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनचं पहिल्या पायरीचं प्रमाणपत्र ६० तासांचं शिक्षण आणि १०० तासांचा सराव मागतं, दुसऱ्या पायरीचं १२५ आणि ५००, सर्वोच्च पायरीचं २०० आणि २,५००. हे मनापासून केलेल्या मेहनतीचे तास आहेत, आम्ही ते कमी लेखत नाही. पण ते कोचिंगचे तास आहेत. शनिवार-रविवारच्या हॉटेलमधल्या शिबिराचं प्रमाणपत्र तर तेही नव्हे. गंमत म्हणजे त्याच फेडरेशनच्या क्षमतांच्या यादीत ‘मानसोपचार आणि कोचिंग यांतला फरक पाळणे, गरज पडल्यास दुसऱ्याकडे पाठवणे’ हे नैतिकतेच्या कलमाखालीच लिहिलेलं आहे. आमचं मागणं त्याहून फारसं वेगळं नाही.

आता जिथे प्रत्यक्ष चुकतं त्याबद्दल. काही नमुने पुन्हापुन्हा दिसतात.

सर्वांत फसवा नमुना यशासारखा दिसतो. महिनाभर मरगळलेला क्लायंट अचानक खुलतो. पहाटे तीनला उठतो, चार तास झोपून ताजातवाना असतो, एका आठवड्यात तीन व्यवसायांच्या योजना मांडतो, भराभर बोलतो, कर्ज काढून कोर्स विकत घेतो, तुमचाच पुढचा मोठा पॅकेजसुद्धा. तुमच्या भाषेत हा ‘ब्रेकथ्रू’. आमच्या भाषेत हे हायपोमॅनिया किंवा मॅनिया असू शकतं, म्हणजे कधी टोकाची उदासी तर कधी टोकाचा उत्साह येणाऱ्या बायपोलर आजाराचा वरचा टप्पा (हायपोमॅनिया सौम्य, मॅनिया तीव्र). निदानासाठी पहिल्याला किमान चार दिवस आणि दुसऱ्याला आठवडा लागतो, पण एवढ्यात बँकेतली शिल्लक संपलेली असते. ओळखायची खूण झोपेत आहे. चिंतेने झोप न लागलेला माणूस दुसऱ्या दिवशी गळून गेलेला असतो. इथे झोपेची गरजच कमी होते. अशा माणसाला आणखी उत्साह द्यायचा नसतो. घरच्यांना विश्वासात घेऊन त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्यायचं असतं.

दुसरा नमुना ओसीडीचा, म्हणजे नकोसे विचार आणि ते शमवायला पुन्हापुन्हा केलेल्या कृती यांच्या आजाराचा. हात धुणं, कुलूप तपासणं ही त्याची सगळ्यांना माहीत असलेली रूपं. पण अनेकांच्या मनात नकोसे विचार घुसतात : देवघरासमोर शिवी, स्वतःच्या बाळाला इजा करण्याची कल्पना. माणूस चांगला असतो म्हणूनच त्याला ते इतके छळतात. त्याला सांगितलं जातं की असा विचार आला की तीनदा ‘कॅन्सल’ म्हणा आणि सकारात्मक वाक्य बोला. झालं, नवं कर्मकांड तयार. आठवड्याभरात तीनचे तीस होतात, कारण त्या आजाराचं इंजिनच ‘काहीतरी करून विचार पुसून टाकणं’ यावर चालतं. त्यावरच्या उपचारात नेमकं उलट शिकवतात : विचार येऊ द्या, आणि त्यावर काहीही करू नका.

सकारात्मक वाक्यांचं इतरत्रही तेच. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं की ‘मी प्रेम करण्याजोगा माणूस आहे’ असं स्वतःशी घोकल्यावर ज्यांना स्वतःबद्दल आधीच बरं वाटत होतं त्यांना थोडं आणखी बरं वाटलं, आणि ज्यांना स्वतःबद्दल वाईट वाटत होतं त्यांची मनःस्थिती उलट खालावली. म्हणजे ज्याला गरज म्हणून आपण ते देतो त्यालाच ते बाधतं. (सवय २१ दिवसांत लागते हेही असंच. लंडनमधल्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, आणि पल्ला होता १८ ते २५४ दिवसांचा. ‘२१ दिवसांत नैराश्यमुक्ती’ ही जाहिरात पाहिली की आधी हसू येतं, मग येत नाही.)

तिसरा नमुना मोठ्या शिबिरांचा. दोनशे माणसं, दिवे मंद, डोळे मिटलेले, पार्श्वसंगीत, ‘ज्याने तुम्हाला सर्वांत दुखावलं त्याला समोर आणा आणि माफ करा.’ त्या दोनशेंत लहानपणी अत्याचार सहन केलेली माणसं असणारच. जुनी जखम उघडायची तर आधी माणसाला स्वतःला शांत करण्याच्या दोन-तीन युक्त्या अंगवळणी पडाव्या लागतात, वेग त्याच्या हातात असावा लागतो आणि पुढच्या आठवड्यात तोच उपचारक भेटणार असतो. शिबिरात यांतलं एकही नसतं. रविवारी संध्याकाळी हॉल रिकामा होतो, सोमवारी पहाटे त्यांतली एखादी बाई एकटी जागी असते. जोरजोरात श्वास घ्यायला लावण्याचंही तसंच. वेगाने श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, छाती आवळल्यासारखी होते. पॅनिकचा त्रास असलेल्याला तो हार्ट अटॅकच वाटतो. व्यासपीठावरून मात्र ‘एनर्जी मोकळी होतेय’ असं सांगितलं जातं.

‘कम्फर्ट झोन सोडा’ हेही सांभाळून. नैराश्यातला माणूस पलंगावरून उठत नाही तेव्हा तो आरामात नसतो. त्याला मोठं ध्येय दिलं की ते फसतं, आणि ‘मी कुठल्याच कामाचा नाही’ याचा आणखी एक पुरावा त्याच्या हाती लागतो. खाण्याच्या विकारात तर ध्येय हेच विष असतं : झपाट्याने वजन उतरवणाऱ्या मुलीचं टाळ्या वाजवून कौतुक करण्याआधी तिची पाळी चालू आहे का, ती जेवणानंतर उलट्या काढते का, हे कुणीतरी विचारलेलं असावं.

रिलेशनशिप कोचना एक वेगळी विनंती. दोघांना एकत्र बसवण्याआधी प्रत्येकाला एकदा एकेकटं भेटा आणि थेट विचारा : घरात हात उगारला जातो का, पैसे किंवा फोन काढून घेतला जातो का, भीती वाटते का? उत्तर हो असेल तर ‘संवादकौशल्य’ शिकवू नका. एकत्र सत्रात बायकोने जे धाडसाने सांगितलं त्याची किंमत ती घरी जाऊन मोजते. तिथे १८१ ही महिला हेल्पलाइन आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी हा रस्ता आहे. करिअर कोचिंगला आलेल्या शाळकरी मुला-मुलीने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं, तर पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम १९ नुसार ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ते बंधन कुणाही व्यक्तीवर आहे. मी डॉक्टर नाही, मी फक्त कोच, हा बचाव चालत नाही.

आत्महत्येबद्दल थोडं थांबून लिहितो, कारण इथे माहीत नसणं महागात पडतं. कोचिंगला येणारा माणूस ‘मला मरावंसं वाटतं’ असं क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, ‘सगळ्यांना माझं ओझंच आहे’, ‘आता सगळं आवरून टाकलं की सुटलो’. हे ऐकल्यावर विषय ध्येयाकडे वळवू नका. सरळ विचारा : ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. बहुतेकांना कुणीतरी विचारल्याने सुटल्यासारखं वाटतं. उत्तर हो असेल तर पुढे : किती वेळा येतो, काही ठरवलंय का, त्यासाठी लागणारं हाताशी आहे का, आधी कधी प्रयत्न झालाय का. ठरवलेलं असेल तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. ऑनलाइन असाल तर कॉल तोडायचा नाही आणि दुसऱ्या फोनवरून त्याच्या माणसाला लावायचा. म्हणून तर पहिल्याच भेटीत जवळच्या एकाचा नंबर आणि त्या क्षणी माणूस कुठल्या पत्त्यावर बसलाय ते लिहून घ्यायचं असतं. घरच्यांना सांगून औषधांचा साठा, शेती असेल तर कीटकनाशकं त्याच्या हातापासून दूर हलवायची. मग जवळच्या रुग्णालयाचा कॅज्युअल्टी विभाग. टेली-मानस १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात. ‘मी असं करणार नाही’ असं वचन लिहून घेणं हा उपाय नव्हे. त्या कागदाने फक्त लिहून घेणाऱ्याला धीर येतो. आणि ‘पोलिस केस होईल’ म्हणून घरचे रुग्णालयात न्यायला कचरले तर त्यांना सांगा की २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ असं करू पाहणाऱ्याला तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरतं, आणि आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुन्या दंडविधानातलं कलम ३०९ हे २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नाही.

पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची चाचणी तुमच्यापैकी बरेच जण वापरतात. मराठीतही मिळते, पैसे पडत नाहीत, आणि आमचा तिला विरोध नाही. पण तिची रीत पाळा. मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारायचं, एकूण गुण शून्य ते २७. दहा किंवा त्याहून जास्त आले की क्लायंटला तपासणीसाठी पाठवायचं. ‘तुम्हाला मध्यम नैराश्य आहे’ असं सांगायचं नाही, कारण थायरॉइडवालाही दहाच्या पुढे जातो. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्यावर शून्याखेरीज काहीही आलं की एकूण गुण कितीही असोत, त्याच बैठकीत वरचे प्रश्न विचारायचे. आता कल्पना करा की हाच फॉर्म तुम्ही व्हॉट्सॲपवर लिंक म्हणून पाठवलाय. माणसाने सोमवारी रात्री नवव्या प्रश्नावर ‘जवळजवळ रोज’ अशी खूण केली आणि तुम्ही तो गुरुवारी उघडला. म्हणून ती चाचणी समोरासमोर घ्या, नाहीतर घेऊच नका.

गोळ्यांबद्दल एकच ओळ पाळा : त्यांबद्दल बोलू नका. ‘कुबड्या’ म्हणू नका, ‘हळूहळू सोडा’ म्हणू नका. नैराश्यावरच्या अनेक गोळ्या एकदम बंद केल्या की चक्कर येते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं, चिडचिड वाढते. आणि लोक त्याचाच अर्थ ‘बघा, व्यसन लागलं होतं’ असा लावतात. झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्या दीर्घकाळ घेऊन अचानक थांबवल्या तर फिट येऊ शकते. बायपोलरवरचं लिथियम एकदम सोडलं की मॅनिया पुन्हा उसळण्याचा धोका वाढतो. क्लायंटला गोळ्यांचा कंटाळा आलाय ना? मग त्याच्याकडून डॉक्टरांसाठी चार प्रश्न लिहून घ्या : किती दिवस घ्यायच्या, दुष्परिणाम कोणते, कमी कधी करता येतील, कशा. हे अस्सल कोचिंग आहे आणि आमच्यावर उपकारही.

पहिल्या भेटीचा एक कागद असावा, एका पानाचा, मराठीत, दोघांच्या सह्या असलेला. मी काय करतो आणि काय करत नाही (निदान, उपचार, औषधसल्ला). किती भेटी, किती मिनिटांच्या, किती पैसे. भेट किती तास आधी रद्द केली तर पैसे नाहीत. गोपनीयता, आणि ती कधी मोडावी लागेल : जिवाला धोका, लहान मुलावर अत्याचार. सध्या कुणाकडे उपचार चालू आहेत का, कोणते. अडीअडचणीचा एक फोन नंबर. तक्रार कुणाकडे करायची. कंपनीने पैसे भरले असतील तर आणखी एक वाक्य अत्यावश्यक : एचआरला फक्त हजेरी आणि तिघांनी मिळून ठरवलेली ध्येयं कळतील, बोलणं कळणार नाही. ते लिहिलेलं नसेल तर सहाव्या भेटीनंतर एचआर ‘जरा फीडबॅक द्या’ म्हणतंच, आणि तोंडी तुम्हाला नाही म्हणता येत नाही.

पैशांचं एक सांगायलाच हवं. ५०,००० किंवा लाखाचं पॅकेज आगाऊ घेतलं की तुमचा निर्णय तिथेच मिंधा होतो. चौथ्या भेटीत वाटलं की यांना उपचार हवेत, तर उरलेल्या आठ भेटींचे पैसे खिशात असतात आणि मन म्हणतं, अजून एक भेट बघू. आम्हाला भेटीभेटीला पैसे मिळतात म्हणून आम्ही सज्जन ठरतो असं नाही. फक्त हा एक मोह आमच्या वाटेला कमी येतो. सोपा मार्ग असा : कागदावर लिहा की उपचारांसाठी पाठवलं तर उरलेली रक्कम सात दिवसांत परत. हे एक वाक्य असलं की पाठवताना हात अडखळत नाही.

पाठवायचं कसं, हेही शिकण्यासारखं आहे. ‘तुम्हाला थेरपीची गरज आहे’ हे वाक्य शिवीसारखं ऐकू येतं. त्याऐवजी जे दिसलं ते सांगा : ‘गेल्या तीन आठवड्यांत तुम्ही रोज पहाटे चारला उठताय, वजन उतरलंय आणि आपण ठरवलेलं काहीच होत नाहीये. याला इच्छाशक्ती कमी पडतेय असं मला वाटत नाही. याच्या मागे काही आहे का ते तपासून घेऊ, आणि ते तपासणं माझ्या कामात येत नाही.’ मग किमान दोन-तीन नावं द्या, त्यात एक परवडणारं. जिल्हा रुग्णालयांत मनोविकार विभाग असतो. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था. ‘मनोरुग्णालय’ या शब्दाला लोक बिचकतात, म्हणून बाह्यरुग्ण विभागात दाखवून त्याच दिवशी घरी येता येतं हे आधीच सांगून ठेवा. पहिली वेळ तुमच्यासमोर बसून फोनवर ठरवू द्या. नुसता नंबर दिला की बहुतेक जण फोन करत नाहीत. आठवड्याने एकदा विचारा, गेलात का.

त्यानंतर कोचिंग थांबलंच पाहिजे असंही नाही. क्लायंटच्या लेखी संमतीने उपचारकाशी बोला, कोण काय बघणार ते वाटून घ्या. झोप आणि रोजचं चक्र काही आठवडे स्थिर असेल आणि उपचारक हो म्हणत असेल, तर नोकरीवर परतण्याची आखणी तुम्हीच उत्तम कराल.

उलट बाजूचीही एक चूक आहे. क्लायंट रडला की ‘थेरपी घ्या’ म्हणून मोकळं होणारे कोचही आम्हाला भेटतात. रडणं हे लक्षण नव्हे. तीन महिन्यांपूर्वी वडील गेलेत आणि दिवाळीच्या फराळाला बसल्यावर डोळे भरून आले, याला आजार म्हणत नाहीत. नोकरी गेल्यावरची चार दिवसांची झोपमोड हीही नाही. माणूस कामं करतोय, चांगल्या क्षणी हसतोय, दिवसागणिक थोडं बरं वाटतंय, तर पाण्याचा पेला पुढे करून बसून राहा.

आता आमचा दोष. लोक तुमच्याकडे येतात याला आम्ही बरेच जबाबदार आहोत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या आजारांसाठी उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के निघालं. जे पोचतात त्यांना गर्दीच्या ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, निदान समजावून सांगितलं जात नाही, आणि काही थेरपी ध्येय न ठरवता वर्षानुवर्षं रेंगाळते. तुम्ही निदान ‘बारा भेटींत कुठे पोचायचं’ ते पहिल्या दिवशी विचारता. ते आम्ही तुमच्याकडून शिकावं.

आणि पदवी हाच शेवटचा शब्द आहे असंही आम्ही म्हणत नाही, कारण गोव्यानेच ते खोटं ठरवलंय. ‘संगाथ’ या संस्थेने गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसोपचाराची कसलीही पदवी नसलेल्या स्थानिक माणसांकडून तीव्र नैराश्यावर बिहेवियरल ॲक्टिव्हेशनचा उपचार करवून घेतला, सहा ते आठ भेटींचा. जवळपास ५०० रुग्णांवरच्या त्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले : नेहमीच्या उपचारांना ही जोड मिळालेले रुग्ण अधिक सुधारले. पण त्यामागची रचना बघा. रुग्ण आधी चाचणीने निवडलेले होते. काय करायचं याची पुस्तिका ठरलेली होती आणि तिच्याबाहेर जायचं नव्हतं. भेटींचं ध्वनिमुद्रण गटात बसून ऐकलं जाई, गुण दिले जात, चुका दाखवल्या जात. जिवाला धोका दिसला तर कुणाला कळवायचं ते ठरलेलं होतं. म्हणजे पदवीची जागा व्यक्तिमत्त्वाने किंवा स्वतःच्या संघर्षाच्या कहाणीने घेतली नव्हती. देखरेखीने घेतली होती. तुमच्या कामावर अशी देखरेख कोण ठेवतं? महिन्यातून दोन तास, चार-पाच कोच आणि एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, नावं झाकून दोन अडलेल्या केसेस : एवढ्याने सुरुवात होते. असे गट जिल्ह्याजिल्ह्यांत जमले तर तिथे येऊन बसायला आमच्यातले काही जण तयार आहेत, मानधनाशिवाय.

तोवर एक काम या आठवड्यातच करता येईल. सध्या चालू असलेल्या क्लायंटची यादी काढा. ज्यांची ध्येयं सलग तीन भेटी जशीच्या तशी पुढे ढकलली गेली आहेत त्यांच्या नावापुढे खूण करा, आणि पुढच्या भेटीत ध्येयाची वही मिटून आधी झोप, भूक, दारू आणि मरणाचे विचार या चार गोष्टी विचारा. कार्डावरचा ‘थेरपिस्ट’ हा शब्द काढायला मात्र पुढची छपाई होईपर्यंत थांबू नका. पेनाने खोडला तरी चालेल.

कळावे, लोभ असावा.

आपले,
मानसिक आरोग्याच्या आणि कोचिंगच्या क्षेत्रांत काम करणारे काही सहकारी